भाऊबीज झाली की लगेच निघू नका : सोलापूरहून शांत किनाऱ्यावर जाणाऱ्या कुटुंबासाठी

जुळे सोलापुरातून एका ताईंनी विचारलं आहे : "आम्ही सहा जण. मी, नवरा, ९ वर्षांची मुलगी, ५ वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, सासूबाई पूर्ण शाकाहारी. दिवाळीच्या सुट्टीत भाऊबीज आटोपली की दुसऱ्या दिवशी निघायचं आणि चार रात्री समुद्रकाठी राहायचं आहे. गोवा, गणपतीपुळे, तारकर्ली नको, तिथे सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेसारखी गर्दी असते. फार कुणाला माहीत नसलेला, शांत किनारा सुचवा. स्वतःची गाडी आहे."

ताई, गेली तेवीस वर्षं मी सोलापुरातून कुटुंबं कोकणात घेऊन जातो. किनारा सांगतोच, पण आधी तुमच्या तारखेबद्दल बोलू द्या. किनारा थोडा चुकला तरी सहल निभावते. वेळ चुकली तर निभावेलच असं नाही.

लक्ष्मीपूजन अमावास्येला असतं. अमावास्या आणि पौर्णिमेला समुद्राला उधाण येतं आणि त्याचा जोर त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो. म्हणजे पाडवा आणि भाऊबीज. आपली सगळी सोलापूरकर मंडळी भाऊबीजेचं ओवाळून घेऊन दुसऱ्या दिवशी पहाटे गाड्या काढतात आणि नेमकी त्या महिन्यातल्या सर्वांत ओढाळ पाण्यात उतरतात. रत्नागिरीच्या बाजूला उधाणात पाणी साधारण दोन मीटर चढतं आणि तेवढंच उतरतं. अष्टमीच्या सुमाराला हाच फरक निम्म्यावर येतो. कोळी त्याला भांग म्हणतात. भांगाच्या दिवसांत समुद्र अगदी गरीब होतो असं नाही, पण त्याची ओढ कमी होते, आणि पाच वर्षांच्या पोरासाठी तेवढा फरकही पुष्कळ असतो.

म्हणून माझं म्हणणं असं, की भाऊबीजेनंतर चार-पाच दिवस घरी काढा, फराळ संपवा, माहेरी जाऊन या, आणि कार्तिक शुद्ध षष्ठीला निघा. सप्तमी ते दशमी किनाऱ्यावर राहा. शाळेची सुट्टी तोवर आहे ना, एवढं बघून घ्या. फक्त येताना कार्तिकी एकादशी टाळा. मंगळवेढा-सांगोला रस्त्यावर त्या दोन दिवसांत पंढरपूरच्या गाड्यांची रीघ असते. दशमीला सकाळी लवकर किनारा सोडा किंवा सरळ द्वादशीला परत या.

सप्तमीच का, तेही सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही. कोकणात जुना हिशेब आहे : तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं. येईल तो पूर्ण भरतीचा तास. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला पंधराच्या हिशेबाने सव्वाअकराला. पहाटेची आणि दुपारची अशा दोन्ही भरत्यांना हाच आकडा लागू होतो, आणि मधे सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला पुरतो. तिथी बघायला दाते पंचांग आपल्या सोलापुरातूनच निघतं, तुमच्या सासूबाईंच्या देवघराजवळ ते असेलच. आपण त्यात मुहूर्त बघतो, समुद्राचं वेळापत्रकही त्यातच आहे.

आता अष्टमीचा दिवस घ्या. सकाळी सहाला भरती, दुपारी बाराच्या सुमाराला ओहोटी, संध्याकाळी सहाला परत भरती. म्हणजे साडेतीन ते साडेपाच या पोरांच्या खेळायच्या वेळेत पाणी चढत असतं. चढतं पाणी माणसाला काठाकडे ढकलतं, उतरतं पाणी आत ओढतं. मुलांना पाण्यात सोडायचं ते चढत्या पाण्यात, उतरत्या पाण्यात सोडायचं नाही. माझ्याबरोबर येणाऱ्या प्रत्येक आई-बापाकडून हे एक वाक्य मी गाडीतच पाठ करून घेतो.

हे मी एका संध्याकाळी शिकलो. बारा-तेरा वर्षं झाली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी एक कुटुंब घेऊन गेलो होतो. अकरा वर्षांचा मुलगा, गावाकडच्या विहिरीत सूर मारणारा, पोहण्यात पटाईत. त्या दिवशी तृतीया. भरती सव्वादोनला होऊन गेलेली आणि आम्ही साडेचारला पाण्यात, म्हणजे ऐन ओहोटीच्या ओढीत, तेही खाडीच्या तोंडापासून हाकेच्या अंतरावर. मुलगा कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. मी काठावर चहाचा कप हातात घेऊन त्याच्या वडिलांशी बोलत होतो. पुन्हा बघितलं तेव्हा त्याचं फक्त डोकं दिसत होतं आणि ते डावीकडे, खाडीच्या तोंडाकडे चाललं होतं. तो काठाकडे तोंड करून जीव तोडून हात मारत होता आणि तरी मागे मागे जात होता. होडी ओढून ठेवणारे दोन जण धावले, त्यांनी होडी पाण्यात लोटली आणि त्याला काढलं. मुलगा वाचला. आज तो नोकरी करतो. पण मी त्या दिवसापासून पंचांग न बघता एकाही कुटुंबाला तारीख दिलेली नाही.

आणि सगळेच वाचत नाहीत. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळच्या वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्या सहलीतले ८ जण गेले. बुडणाऱ्यांत आपल्यासारखे घाटावरचे बरेच असतात. आपल्याला विहीर कळते, तळं कळतं, उजनीचं पाणी कळतं. ते पाणी एका जागी असतं. समुद्राचं पाणी चालत असतं.

तुम्ही "शांत" हा शब्द लिहिला आहे, म्हणून सांगतो. शांत किनारा म्हणजे जिथे जीवरक्षक नाही, लाल बावटा नाही, शिट्टी वाजवणारा पोलीस नाही, आणि कुणी बुडत असेल तर ते बघणारं तुमच्याशिवाय दुसरं कुणी नाही. शांततेची ती किंमत आहे. मी स्वतः शांत किनाऱ्यांचाच वेडा आहे आणि तुम्ही तिथेच जा असंच म्हणेन, पण ती किंमत माहीत करून घेऊन जा. तुमच्या दोघांपैकी एक जण कायम काठावर, कोरड्या कपड्यात, मोबाइल पिशवीत ठेवून, फक्त मुलांकडे बघत उभा. दर अर्ध्या तासाने पाळी बदला. हे काम सासऱ्यांवर टाकू नका.

आता जागा. तुमच्यासाठी माझी पहिली पसंती रत्नागिरीच्या दक्षिणेचा पट्टा : पावस, गणेशगुळे, पूर्णगड, गावखडी आणि पुढे कशेळी. गणपतीपुळ्याला जाणारी गर्दी रत्नागिरीहून उत्तरेकडे वळते. तुम्ही भाट्याचा पूल ओलांडून दक्षिणेकडे वळायचं. पावस तिथून साधारण २० किलोमीटर. तिथे स्वामी स्वरूपानंदांचं समाधी मंदिर आहे (स्वामी १९०३ साली जन्मले आणि १९७४ साली पावसलाच समाधिस्थ झाले), त्यामुळे गावात शाकाहारी जेवणाची परंपरा आहे आणि मंदिरात दुपारी खिचडीचा प्रसाद मिळतो. तुमच्या सासूबाईंना शांत किनाऱ्यावरची सर्वांत मोठी अडचण जेवणाची असणार. बहुतेक मासेमारीच्या गावांत घरगुती खाणावळ म्हणजे मासे, आणि शाकाहारी माणसाला डाळ-भात, बटाट्याची भाजी. पावसच्या आसपास तसं होत नाही. कुळथाचं पिठलं, आंबोळी, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी, उकडीचे मोदक, सगळं घरी करून मिळतं. दुसरं कारण म्हणजे रत्नागिरी जवळ असल्याने जिल्हा रुग्णालय तासाभराच्या आत येतं. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असताना मी याहून लांबची जागा देत नाही.

राहायला गणेशगुळे बघा. गावातल्या लोकांच्या तोंडी एक म्हण आहे, "गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला." गणपती गेला, त्याच्यामागे गर्दीही गेली, आणि किनारा गुळ्याला राहिला. नारळ-सुपारीच्या वाड्या, मधून जाणारी चिंचोळी वाट आणि वाट संपली की एकदम वाळू. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी त्या वाळूवर तुमच्या पावलांशिवाय बहुधा कुत्र्याचीच पावलं असतील. गावखडीचा किनारा याहून लांबलचक आहे आणि त्याला सुरूचं बन आहे, पण तो मुचकुंदी नदीच्या खाडीला लागून आहे. तिथे सुरूच्या सावलीत बसा, वाळूत फिरा, पण खाडीच्या बाजूला पाण्यात उतरू नका. कुठल्याही खाडीच्या तोंडाशी नाहीच. ओहोटीला अख्खी खाडी त्या अरुंद तोंडातून समुद्रात रिकामी होत असते.

वेंगुर्ल्याकडचा निवती, खवणे, कोंडुरा, वायंगणी हा पट्टा मला व्यक्तिशः याहूनही आवडतो. निवतीच्या किल्ल्यावरून दिसणारा भोगव्याचा किनारा एकदा तरी बघावा, आणि आरवलीच्या वेतोबाला लोक चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात त्या बघून तुमची मुलं थक्क होतील. पण सोलापूरहून तिकडे जायला आणखी वेळ लागतो. सासऱ्यांचे गुडघे बरे झाले आणि सात दिवस हाताशी असले की तिकडे जा. देवगडच्या बाजूला मुणगे, मिठबाव आहेत, तिकडे आंब्याच्या दिवसांत.

वेळास आणि गावखडीला कासवांची पिल्लं बघायला मिळतील का, असं मला हमखास विचारतात. दिवाळीत नाही. ऑलिव्ह रिडले कासवं नोव्हेंबरपासून अंडी घालायला लागतात आणि पिल्लं बाहेर यायला दीड ते दोन महिने जातात. त्यासाठी फेब्रुवारी-मार्च.

रस्ता आपल्याला सोयीचा आहे. सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा, रत्नागिरी, असा एकच राष्ट्रीय महामार्ग, १६६ क्रमांकाचा. साधारण पावणेचारशे किलोमीटर. मिरजेपर्यंत गाडी पळते, कोल्हापूरच्या पुढे रुंदीकरणाची कामं चालू असली तर वेळ लागतो, तो धरून चला. पहाटे पाचला निघालात तर दुपारी तीनच्या आसपास पोचाल. कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन जाताना घेऊ नका, येताना घ्या. जाताना रांगेत दोन तास गेले की आंबा घाट ऐन दुपारच्या जेवणानंतर येतो आणि मुलं ओकतात. डब्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही घ्या. घाटाआधी पोटभर खायला देऊ नका, साखरप्याला उतरल्यावर खा. कुणाला गाडी लागत असेल तर त्याला पुढे बसवा आणि मोबाइल काढून घ्या. रेल्वेने जायचं म्हणाल तर कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरजमार्गे कोल्हापूरपर्यंतच, तिथून खाली कोकणात उतरणारी रेल्वे नाही. सहा जणांना गाडीच बरी. सगळं फिरणं धरून हजारभर किलोमीटर होतील. गाडी लिटरला १४ देत असेल तर ७० लिटर इंधनाचा हिशेब धरा.

आता राहण्याच्या घराबद्दल, कारण इथे बरीच कुटुंबं फसतात. "समुद्राला लागून" या शब्दांवर विश्वास ठेवू नका. एकदा मी स्वतः फोनवर एवढंच ऐकून एक घर ठरवलं. घर खरंच समुद्राला लागून होतं, पण रस्ता वर डोंगरावर आणि घर खाली वाडीत. मधे जांभ्या दगडाची पाखाडी. मी पायऱ्या मोजल्या, चौऱ्याऐंशी. बरोबर सत्तरीच्या आजी होत्या. त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी खाली नेलं आणि त्या चार दिवस वर आल्या नाहीत. कोकणातली जुनी वस्ती अशीच असते. म्हणून फोनवर पहिला प्रश्न हा विचारा : "गाडी जिथे थांबते तिथून खोलीपर्यंत पायऱ्या किती आणि चढ किती?" दुसरा : "संडास खुर्चीचा आहे का?" तिसरा : "खोलीपासून वाळूपर्यंत चालत किती वेळ, आणि वाट रात्री उजेडाची आहे का?" चौथा : "शाकाहारी जेवणाची भांडी वेगळी ठेवता का?" हा प्रश्न विचारायला संकोचू नका, कोकणी माणूस सरळ उत्तर देतो. जमत नसेल तर जमत नाही म्हणतो. वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का, हेही विचारून घ्या. राज्याच्या पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदवलेली घरं असतात, तिथून सुरुवात केली तर बरं. रोख पैसे रत्नागिरीतच काढून ठेवा.

किनाऱ्यावर पोचल्यावर लगेच पाण्यात धावू नका, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. आधी दहा मिनिटं उभं राहून पाण्याकडे बघायचं. लाटा सगळीकडे पांढऱ्या फुटत असतात आणि मधेच एक पट्टा असा दिसतो, की तिथे लाट फुटतच नाही, पाणी सपाट, थोडं गढूळ. नवीन माणसाला वाटतं, ही जागा शांत आहे, मुलांना इथेच उतरवू. नेमकी तीच जागा धोक्याची. काठावर आलेलं पाणी त्या वाटेने आत परत जात असतं. कुणी त्यात सापडलंच तर काठाकडे हात मारू नयेत, काठाला समांतर, आडवं जावं. तो पट्टा अरुंद असतो, त्याच्या बाहेर आडवं गेलं की ओढ सुटते. पोहता येत नसेल तर अंग सैल सोडून उताणं तरंगावं आणि हात वर करावा. वाचवायला मागून उडी मारू नये, रिकामी बाटली, दोर, साडी, जे हाताशी असेल ते फेकावं.

दुसरी खूण पायाखाली असते. वाळू बारीक, ओली झाल्यावर फरशीसारखी घट्ट आणि त्यावर सायकल चालेल अशी असेल तर किनारा उथळ उताराचा. वाळू जाड, साखरेसारखी, पाय घोट्यापर्यंत रुतत असेल तर उतार तीव्र, दोन पावलांत गुडघ्याचं पाणी छातीला येतं. तिथे मुलांना फक्त काठावर बसवा. आणि उतरत्या लाटेत उभं राहिलं की पायाखालची वाळू सरकते, म्हणीतली नव्हे, खरोखरची. मुलांना त्याची गंमत वाटते, सासऱ्यांचा तोल जाईल. त्यांना ओल्या वाळूच्या कडेला खुर्ची टाकून द्या, लाटेचं पाणी पायापर्यंत येऊन जाईल अशी. त्यांना हाच समुद्र पुरतो, मी पुष्कळ बघितलं आहे.

कपड्यांबद्दल बायकांनी रागावू नये, पण साडी नेसून गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नका. भिजलेली साडी पायात गुंडाळते आणि लाट आली की उठू देत नाही. सलवार किंवा लेगिंग घाला. मुलांना निळे, राखाडी, पांढरे कपडे घालू नका, लाटेत ते दिसेनासे होतात. भडक केशरी, पोपटी, गुलाबी रंग लांबून कळतो. हवा भरायची चाकं, बदकं सकाळी नेऊ नका. त्या दिवसांत सकाळी मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि चाकात बसलेलं मूल बघता बघता आत जातं. टॉवेल मात्र घरचेच न्या. सोलापुरी टॉवेल वाळूवर अंथरायलाही चालतो, अंग पुसायलाही, आणि डोक्यावर उन्हालाही.

ऊन ही आपल्याला फसवणारी गोष्ट आहे. आपण बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत वाढलेले, तेहतीस अंशांना कोण विचारतो असं वाटतं. पण आपलं ऊन कोरडं आहे, घाम येतो आणि उडून जातो. तिथे हवा दमट, घाम अंगावरच राहतो आणि अंग थंड होत नाही. पहिल्या दिवशी सोलापूरकर दुपारी हमखास गळून पडतो. अकरा ते साडेतीन घरात राहा, ताक-सोलकढी प्या, ओआरएसची पाकिटं जवळ ठेवा. रात्री वाडीतून चालताना टॉर्च आणि पायात बंद चपला असूद्यात. रत्नागिरीच्या जांभ्यात फुरसं हा विषारी साप सापडतो, बारीक असतो आणि पाचोळ्यात दिसत नाही. सकाळी मुलांचे बूट झटकून घ्या, विंचवासाठी.

हवामानाचा अंदाज निघण्याच्या आदल्या दिवशी बघा. पावसाळा संपला म्हणजे अरबी समुद्र निजला असं नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ आलं आणि २०१९ च्या ऐन दिवाळीत क्यार. मच्छीमारांना समुद्रात न जाण्याचा इशारा असेल तर आपणही बेत पुढे ढकलायचा, खोलीचे आगाऊ पैसे गेले तरी. फोनमध्ये तीन आकडे आधीच घालून ठेवा : १०८ रुग्णवाहिका, १०९३ सागरी पोलीस, १५५४ तटरक्षक दल.

चार दिवस तिथे करायचं काय, असं तुमचे यजमान विचारतील. काहीच न करायची तयारी ठेवा. एक दिवस पावसला दर्शन, तिथून पूर्णगडाचा छोटा किल्ला (सासऱ्यांना खाली चहाच्या टपरीवर बसवा) आणि कशेळीचं कनकादित्य मंदिर. सूर्याची मंदिरं आपल्याकडे कमीच. मूर्ती गुजरातेतून जहाजाने चालली होती, जहाज इथून पुढे सरकेना म्हणून ती किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली, असं गावात सांगतात. वाटलं तर एक दिवस रत्नागिरी शहर, मुलांना मत्स्यालय आणि थिबा राजवाडा. ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून उतरवलं, पुढे इकडे आणलं आणि १९१६ साली तो इथेच वारला. बाकीचे दिवस किनाऱ्याला द्या. रोज नवीन ठिकाण, नवीन पॉइंट असं केलंत तर मुलांना समुद्राऐवजी गाडीची मागची सीट आठवेल.

सकाळी साडेसहाला ९ वर्षांच्या लेकीला एकटीला घेऊन वाळूवर जा. सप्तमी-अष्टमीला तेव्हा पाणी नुकतंच ओसरायला लागलेलं असतं. तासाभराने ओली वाळू उघडी पडली की तिच्यावर ज्वारीच्या दाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्या दिसतील, हजारो, मधल्या भोकाभोवती किरणांसारख्या रेषांत मांडलेल्या. पाऊल वाजलं की काही दिसणार नाही. दोघी उकिडव्या बसा आणि हलू नका. दोन मिनिटांत भोकातून नखाएवढी कुर्ली बाहेर येते, वाळू तोंडात घेते, त्यातलं खाणं चाळून घेते आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकते. मग दुसरी, मग तिसरी. भरती आली की सगळं पुसलं जातं आणि पुढच्या ओहोटीला ती पुन्हा पहिल्यापासून मांडते. माझी लेक सात वर्षांची असताना असाच दीड तास बसली होती. नशिबात असेल तर रापण ओढतानाही दिसेल. वीस-तीस माणसं दोन बाजूंनी जाळं वाळूवर ओढत आणतात. विचारून दोराला हात लावा, कुणी नाही म्हणत नाही.

संध्याकाळी साडेपाचला मुलं पाण्याबाहेर. सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो आणि त्यानंतर पाण्यातलं माणूस दिसत नाही. तो अर्धा तास वाळूत किल्ले करायला ठेवा, नाहीतर रोज रडारड होईल.

परतताना सकाळी सहाला निघा, दहाच्या आत आंबा घाट चढून जाल, मग कोल्हापूरला अंबाबाई आणि जेवण. घरी पोचल्यावर दोन दिवसांच्या आत गाडी खालच्या बाजूने गोड्या पाण्याने धुवून घ्या, खारी हवा आणि वाळू पत्र्याला धरते. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, तेव्हा घरच्या बादल्यांवर न भागवता सर्व्हिसिंगवाल्याकडेच न्या. षष्ठीची तारीख नक्की झाली आणि घरमालकाने पायऱ्यांचा आकडा दिला, की मला कळवा. तो आकडा वीसच्या वर असेल तर दुसरं घर बघू.